बिझेन प्रांत म्हणजे नेमका कुठला भाग, आणि तलवारी, मडकी, जीन्स सगळं तिथंच कसं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सिंहगड रोडवर जी पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून बाग आहे, ती जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केली, आणि त्या ओकायामाला जुन्या काळी बिझेन म्हणायचे असं वाचलं, तर बिझेन आणि ओकायामा एकच का, तलवारी, बिनग्लेझची मडकी आणि जीन्स एकाच ठिकाणाशी कशा जोडल्या गेल्या, आणि चार दिवस असतील तर काय बघायचं. मी बरीच वर्षं त्या भागात दुभाषा म्हणून काम करतोय, कधी टुरिस्ट ग्रुप, कधी धरण-पाटबंधारेवाले इंजिनियर लोक, त्यामुळे हा प्रांत मला दोन्ही बाजूंनी बघायला मिळालाय. उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगतो.

तर पहिली गोष्ट, एकच नाही. आजचा ओकायामा जिल्हा (ते लोक प्रीफेक्चर म्हणतात) तीन जुन्या प्रांतांचा मिळून झालाय: आग्नेयेला समुद्राकडे बिझेन, पश्चिमेला बिच्चू, आणि उत्तरेला डोंगरात मिमासाका. बिझेनचा पूर्वेकडचा एक छोटा तुकडा, फुकुउरा नावाचा, १९६३ मध्ये शेजारच्या ह्योगो जिल्ह्यात गेला. म्हणजे ओकायामा शहर, बिझेन शहर, सेतोउची, आकाइवा, वाके, तामानो आणि कोजिमा एवढं धरलं की बिझेन ऑलमोस्ट पूर्ण होतो. कुराशिकीची ती कालव्याकाठची फेमस पांढरी गोदामं मात्र मूळची बिच्चूतली, तिथं उभं राहून बिझेन बघितला म्हणून फोटो टाकू नका, स्थानिक लोक हसतात.

या सगळ्याच्या आधी तिथं किबी नावाचं एक तगडं राज्य होतं. पाचव्या शतकात तिथल्या राजांची ताकद किती असेल ते बघायचं तर त्झुकुरियामाची समाधी-टेकडी बघा, साडेतीनशे मीटर लांबीची माणसांनी रचलेली टेकडी, जपानभरात आकाराने चौथी, आणि तिच्या वरच्या तीनपैकी कुठल्याच टेकडीवर पाय ठेवायची परवानगी नाही कारण त्या सम्राटांच्या समाध्या मानल्या जातात, हिच्यावर मात्र तुम्ही खुशाल चढू शकता. यामातोच्या, म्हणजे सम्राटाच्या, दरबाराला एवढा मोठा शेजारी झेपेना, म्हणून सातव्या शतकाच्या शेवटी किबीचे तुकडे केले, राजधानीच्या सगळ्यात जवळचा बिझेन, मधला बिच्चू, लांबचा बिंगो, आणि मग ७१३ मध्ये बिझेनचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग कापून मिमासाका वेगळा केला. ही वाटणी किती काटेकोर होती ते एका डोंगरावर दिसतं. किबी-नो-नाकायामा म्हणून जेमतेम पावणेदोनशे मीटरची टेकडी आहे, प्रांताची सीमा तिच्यावरून जाते, पूर्वेच्या पायथ्याला बिझेनचं मुख्य देऊळ किबित्सुहिको, पश्चिमेच्या पायथ्याला बिच्चूचं किबित्सु, आणि दोन्हीकडे देव एकच, किबित्सुहिको, ज्याची गोष्ट पुढे मोमोतारो म्हणजे पीचमधून जन्मलेल्या पोराच्या गोष्टीला जोडली गेली. प्रांत वाटला, देव काही वाटता आला नाही, मग दोघांनी आपापलं देऊळ ठेवलं.

आता भूगोल, आणि माझ्या मते बिझेन समजायचा तर इथंच जास्त वेळ घालवायला हवा. उत्तरेला चुगोकू डोंगर, दक्षिणेला समुद्रापलीकडे शिकोकूचे डोंगर, दोन्हीकडून येणारे ओले वारे आधीच रिकामे होतात, त्यामुळे मधल्या पट्ट्यात पाऊस कमी, वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास, तोक्योला सोळाशे पडतो. ओकायामावाले स्वतःच्या जिल्ह्याची उन्हाचा देश म्हणून जाहिरात करतात. पण पाऊस कमी म्हणून पाणी शांत असं अजिबात नाही. डोंगरातून तीन मोठ्या नद्या येतात, योशिई (१३३ किमी) आणि आसाही (१४२ किमी) या बिझेनच्या, आणि ताकाहाशी बिच्चूची, तिन्ही थोड्याशा अंतरात खाली उतरून उथळ सेतो समुद्राला मिळतात. येताना गाळ आणतात. भरपूर गाळ आणतात. डोंगरातला ग्रॅनाइट कुजलेला, त्यात लोखंडाची काळी वाळू, ती काढायला लोक डोंगर खणून पाण्यात धुवायचे, लोखंड जड म्हणून खाली बसायचं आणि उरलेली सगळी माती नदीतून खाली. वर भट्ट्यांसाठी, मिठासाठी जंगलं तोडलेली. खाली समुद्र भरत चाललेला.

हा समुद्र किती भरला ते सांगतो. आज नकाशात कोजिमा नावाचा जो द्वीपकल्प दिसतो, ओकायामाच्या दक्षिणेला, जिथून शिकोकूला जाणारा सेतो पूल सुरू होतो, ते पूर्वी खरोखर बेट होतं, मधून जहाजं जायची. ११८४ च्या हिवाळ्यात गेन्जी आणि हेइके या दोन लढवय्या घराण्यांची लढाई चालू असताना हेइके या बेटावर होते आणि गेन्जींकडे नावा नव्हत्या. तेव्हा सासाकी मोरित्सुना नावाच्या सरदाराने एका कोळ्याला भेटवस्तू देऊन पाणी कुठं उथळ आहे ते विचारून घेतलं, मग हा दुसऱ्या कुणाला सांगेल म्हणून त्या कोळ्यालाच मारून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावरून समुद्र ओलांडला. पुढे याच प्रसंगावर फुजितो नावाचं नो नाटक (जपानी पारंपरिक मुखवट्यांचं नाटक) झालं, त्यात कोळ्याची आई मोरित्सुनाला जाब विचारायला येते. हे फुजितो आज कुठं आहे? कुराशिकी शहराच्या आत, जमिनीवर, आजूबाजूला शेतं आणि घरं, समुद्र कित्येक किलोमीटर लांब. ग्रुपला तिथं नेलं की लोक विचारतात समुद्र कुठाय, आणि तिथूनच बिझेनची गोष्ट सुरू करायला मला बरं पडतं.

नदी इथं कारभारातसुद्धा आडवी यायची. वाके-नो-कियोमारो (७३३ ते ७९९) हा दरबारातला मोठा माणूस, ७६९ मध्ये दोक्यो नावाचा भिक्षू सम्राट व्हायला निघाला होता तेव्हा ज्याने आडवं पडून ते थांबवलं तो, हा बिझेनच्या वाके तालुक्याचा. त्या तालुक्याच्या मधून योशिई वाहायची, पाणी चढलं की पलीकडच्या लोकांना कचेरीत येता यायचं नाही, म्हणून ७८८ मध्ये नदीच्या पश्चिमेचा भाग तोडून इवानाशी हा वेगळा तालुका केला.

आता तलवारी. सगळ्यांना तलवारीच हव्या असतात म्हणून आधी सांगायला पाहिजे की जपानी तलवारींच्या ज्या पाच परंपरा मानतात (यामाशिरो, यामातो, बिझेन, सोश्यू, मिनो) त्यात संख्येने बिझेन सगळ्यात पुढे, राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेल्या तलवारींतही सगळ्यात जास्त बिझेनच्याच. हेइआन काळात (साधारण नववं ते बारावं शतक) तोमोनारी, मासात्सुने, कानेहिरा हे जुने उस्ताद, कानेहिराची ओ-कानेहिरा आज तोक्योच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे. मग कामाकुरा काळात (तेराव्या शतकाच्या आसपास) फुकुओका गावचं इचिमोन्जी घराणं, यांच्या धारेवरची नक्षी लवंगांच्या कळ्या एकीला एक लावल्यासारखी, आणि शेजारीच ओसाफुने गावात मित्सुतादा, नागामित्सु, कागेमित्सु अशी पिढ्यानपिढ्या चाललेली परंपरा. बिझेनचं पातं ओळखायचं तर उजेडात तिरकं धरून बघा, धारेच्या वर एक धूसर सावली दिसते, तिला उत्सुरी म्हणतात, ती कशी आणायची यावर आजचे लोहारसुद्धा डोकं फोडतायत.

पण तिथंच का? कारण काही गूढ नाहीये. वर डोंगरात लोखंडाची वाळू, तिथंच कोळसा, मध्ये योशिई नदी जिच्यातून चपट्या बुडाच्या नावा माल खाली आणायच्या, आणि खाली जिथं सान्यो महामार्ग नदी ओलांडतो तिथं फुकुओकाचा बाजार. इप्पेन नावाचा फिरता साधू १२७८ मध्ये या बाजारात आला होता, आणि १२९९ च्या त्याच्या चित्रगुंडाळीत हा बाजार काढलाय, तांदूळ, मासे, कापड, आणि एका बाजूला आडवे पडलेले मोठे मोठे माठ, म्हणजे बिझेनची मडकी. मला तलवारीच्या कुठल्याही प्रदर्शनापेक्षा हे चित्र जास्त बोलकं वाटतं कारण त्यात कच्चा माल, वाहतूक आणि गिऱ्हाईक तिन्ही एका फ्रेममध्ये दिसतात. आणि हो, क्यूशूमधलं जे मोठं फुकुओका शहर आहे ना, त्याचं नाव याच खेड्यावरून आलं, कुरोदा घराण्याचे पूर्वज इथं राहिले होते असं सांगतात, १६०० नंतर त्यांना क्यूशूत जहागीर मिळाली तेव्हा नव्या किल्ल्याला गावचं नाव दिलं. आता मूळ फुकुओका छोटंसं गाव आहे आणि दुसरं फुकुओका पंधरा लाखांच्या वर गेलंय.

पंधराव्या-सोळाव्या शतकात जपानभर मारामाऱ्या चालू असताना ओसाफुनेत तलवारींचा जवळजवळ कारखाना होता, सुकेसादा हे एकच नाव कोरणारे डझनावारी लोहार, ढिगाने माल, त्यात उत्तमही आहे आणि घाईघाईत केलेला रद्दीही. चीनला मिंग काळात जपानहून हजारो तलवारी जायच्या. मग १५९० च्या सुमारास योशिईला पूर आला आणि गावंच्या गावं, भट्ट्या, माणसं घेऊन गेला, आणि ओसाफुने पुन्हा तसं उभं राहिलं नाही. ज्या नदीने धंदा आणला तिनेच नेला. २०२० मध्ये तिथल्या सेतोउची नगरपालिकेने इचिमोन्जी घराण्याची सान्चोमो ही तलवार, जी सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केन्शिन याच्या घराण्यात होती, लोकांकडून वर्गणी आणि देणग्या गोळा करून पाच अब्ज नाही, पन्नास कोटी येनला विकत घेतली (आकडे येनमध्ये आले की शून्यांचा घोळ होतो, म्हणून ठासून सांगतोय). छोटी नगरपालिका एका तलवारीसाठी एवढे पैसे घालते यावर तिथं बराच वादही झाला, पण आज ती बघायला लोक लांबून येतात.

मडक्यांचं गाव इंबे, बिझेन शहरात. इथली माती भातखाचरांच्या खाली दोन-तीन मीटरवर मिळते, काळी, चिकट, लोखंडाने भरलेली, तीसुद्धा नदीने आणि डोंगराने आणून टाकलेलीच. ती भाजताना खूप आकसते त्यामुळे ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) नीट बसत नाही, आणि झटकन तापवली तर तडकते, म्हणून ग्लेझ न लावता लाल पाइनच्या लाकडावर दहा-दहा दिवस, कधी जास्तही, हळूहळू बाराशे अंशांच्या वर नेतात. रंगकाम सगळं आगीचं. राख उडून बसली तर तिळासारखे ठिपके, भांड्याभोवती भाताचा पेंढा गुंडाळला असेल तर लाल रेघा, राखेत गाडलं गेलं तर निळसर-करडा. आधी हे सगळं घरगुती होतं, पाण्याचे माठ, बियाण्याचे रांजण, खल. बिझेनचा खल आपटला तरी फुटत नाही अशी म्हणच आहे. समुद्रात बुडालेल्या जहाजांतून शेकडो वर्षांनी वर काढलेली बिझेनची भांडी तशीच्या तशी निघालीयत. सोळाव्या शतकात चहाच्या उस्तादांना हे रांगडं रूप आवडलं आणि भाव वाढले, एदो काळात (१६०३ ते १८६८) पोर्सिलेन आलं आणि भाव पडले, आणि विसाव्या शतकात कानेशिगे तोयो (१८९६ ते १९६७) यांनी जुन्या मोमोयामा काळच्या (सोळाव्या शतकाच्या शेवटच्या) भांड्यांची पद्धत पुन्हा शोधून काढली, १९५६ मध्ये त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा ठरवलं. इंबे स्टेशनच्या मागे जुन्या सामाईक भट्टीचे अवशेष आहेत, पन्नास मीटरपेक्षा लांब, चढावर बांधलेली, फुकट बघता येते, आणि दुकानं बघून थकलेले लोक ती बघायचंच विसरतात.

राजकारण थोडं पटापट सांगतो. सोळाव्या शतकात उकिता नाओइए नावाचा एक पक्का डाव टाकणारा माणूस वर आला, सासरा काय नि सोयरा काय, वाटेत आला की विष नाहीतर बंदूक, १५७३ मध्ये त्याने ओकायामाला बस्तान हलवलं. १५८२ मध्ये सीमेपलीकडे बिच्चूतल्या ताकामात्सु किल्ल्याला हिदेयोशीने (पुढे सगळा जपान हाताखाली आणणारा सरदार) वेढा घातला, दलदलीतला किल्ला हाताला लागेना म्हणून नदी अडवून बांध घातला आणि किल्लाच पाण्यात बुडवला, उकितांची फौज त्यात हिदेयोशीच्या बाजूने होती. बांध परंपरेनं तीन किलोमीटरचा सांगतात, अलीकडचे अभ्यासक तो बराच आखूड होता म्हणतात, काही असो, पाणी हे हत्यार म्हणून वापरायची अक्कल या भागाला पुरेपूर होती.

नाओइएचा मुलगा हिदेइए, त्याने १५९७ मध्ये काळ्या फळ्यांचा ओकायामा किल्ला पुरा केला, ज्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. किल्ल्याला खंदक हवा म्हणून त्याने आसाही नदीचा प्रवाहच वळवला आणि किल्ल्याला वळसा घालून नेला. लष्करी दृष्टीने झकास. पण नदीला तुम्ही काटकोनात वळायला लावता आणि गाव तिच्या कोपऱ्यावर वसवता, तेव्हा पुराचं आमंत्रण लिहूनच दिलेलं असतं. हिदेइएला ते भोगावं लागलं नाही, तो १६०० मध्ये सेकिगाहाराच्या मोठ्या लढाईत हरला आणि १६०६ मध्ये हाचिजो बेटावर काळ्या पाण्यावर गेला, तिथं १६५५ पर्यंत जगला, म्हणजे ज्यांनी हरवलं ते सगळे जाऊन तिसरा-चौथा शोगुन (लष्करी राज्यकर्ता) आला तरी हा बेटावर आहेच. त्याच्या जागी आलेला कोबायाकावा हिदेआकी, ज्याने लढाईत बाजू बदलली होती तो, दोन वर्षांत विशीतच मेला. मग १६०३ पासून इकेदा घराणं, आणि १६३२ मध्ये इकेदा मित्सुमासा, ३ लाख १५ हजार कोकूची जहागीर (एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाचा वर्षाचा तांदूळ). १८७१ पर्यंत तेच.

आणि मग १६५४ चा पूर. आसाहीने गाव बुडवलं, मागून दुष्काळ. मित्सुमासाच्या पदरी कुमाझावा बान्झान म्हणून विचारवंत होता, हा माणूस त्या काळात सांगत होता की वरची जंगलं तोडता म्हणून खाली पूर येतात, आणि पुराचं जास्तीचं पाणी गावाच्या वरच वेगळं काढा ही कल्पनाही त्याचीच मानतात. प्रत्यक्षात आणली त्सुदा नागातादाने (१६४० ते १७०७). मला विचाराल तर बिझेनचा खरा हिरो हा. तलवारवाले राहू देत बाजूला.

त्याने काय केलं, तर ओकायामाच्या वर आसाहीच्या डाव्या काठाला एक कमी उंचीचा बांध ठेवला, म्हणजे आपल्याकडे सांडवा म्हणतात तसा, नदी ठरावीक उंचीच्या वर गेली की पाणी त्यावरून आपोआप सांडतं आणि ह्याक्केनगावा नावाच्या तेरा किलोमीटरच्या पूरकालव्याने गावाला बायपास करून थेट समुद्राला जातं. वाटेत आणखी सांडवे, वेग कमी व्हायला आणि गाळ आधीच बसायला. कुणी दार उघडायला जायचं नाही, फोन नाही, हुकूम नाही. १६६९ ला सुरुवात, १६८० च्या दशकात पुरा. कालव्याच्या पात्रात एरवी भातशेती. २०१८ च्या जुलैत पश्चिम जपानात जो भयंकर पाऊस झाला, ज्यात शेजारी बिच्चूमध्ये माबी गाव बुडालं आणि पन्नासवर माणसं गेली, तेव्हा आसाहीचं पाणी या सांडव्यावरून ह्याक्केनगावात गेलं आणि ओकायामाचा मधला भाग वाचला. आपल्याकडचे इंजिनियर आले की मी त्यांना किल्ला नंतर, आधी हा सांडवा दाखवतो, आणि त्यांच्यातला कुणी ना कुणी गुडघ्यावर बसून दगडांचे सांधे बघायला लागतो.

याच माणसाने समुद्रातून जमीन काढली. कोकणातल्या लोकांना हे सांगायला वेळ लागत नाही, खाजण बांध आणि उघाडी माहीत असते, तेच इथं पण केवढ्या तरी मोठ्या मापात: उथळ चिखलात बाहेरून दगडी बांध घालायचा, भरतीला दारं बंद, ओहोटीला उघडी. १६७९ ला कुराता, १६८४ ला कोउदो, आणि १६९२ ला ओकिशिन्देन, जवळजवळ १,९०० हेक्टर, मुख्य काम सहा-सात महिन्यांत. खरी मेख अशी की ह्याक्केनगावाचं तोंड नेमकं याच नव्या जमिनीच्या मधून समुद्राला जाणार होतं, म्हणजे भरतीच्या वेळी पूर आला तर पाणी जाणार कुठं? म्हणून तोंडाशी मोठं तळं ठेवलं, भरतीत पुराचं पाणी त्यात साठेल, ओहोटी लागली की उघाडीतून बाहेर. पूरनियंत्रण आणि शेती एकाच आराखड्यात, कॉम्प्युटर नाही, काही नाही. तिथं ओकिता नावाचं देऊळ आहे, बांध टिकेना म्हणून किता नावाच्या मुलीने स्वतःचा बळी दिला अशी दंतकथा, बुरुजात माणूस पुरल्याच्या कथा आपल्याकडेही आहेतच. सगळ्यांना हे भराव पटत नव्हते बरं का, बान्झाननेच नवी शेतं काढत सुटण्याच्या धोरणावर टीका केली होती, जुन्या शेतांचं पाणी तुटतं, जंगलावर ताण येतो म्हणून. मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं.

आता पुण्याच्या बागेचं मूळ. कोराकुएनही त्सुदा नागातादानेच बांधली, मित्सुमासाचा मुलगा त्सुनामासा याच्यासाठी, १६८७ ते १७००, आसाहीच्या पात्रातल्या जमिनीवर, हिदेइएने नदी वळवल्यामुळे किल्ल्यासमोर जो भाग तयार झाला त्यावर. म्हणजे बाग ही पण नदीकामाचाच भाग. साडेतेरा हेक्टरच्या आसपास, जपानच्या तीन मोठ्या बागांपैकी एक, आणि बाकी दोन्हीपेक्षा वेगळी अशी की हिच्यात मोकळं गवत खूप, आणि मधोमध भाताचं खाचर आणि चहाचा मळा. पूर्वी तर शेती आणखी जास्त होती. पुण्यात मूळच्या या बागेचा नमुना छोट्या दहा एकरांत बसवलाय आणि पाणी कालव्याचं खेळवलंय, ते बघितलं असेल तर ओकायामात गेल्यावर ओळखीचं वाटतं, पण खाचर बघायला विसरू नका. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या जूनमधल्या बॉम्बहल्ल्यात बाग आणि किल्ला दोन्हींची वाट लागली, बाग जुन्या नकाशांवरून परत उभी केली, किल्ला १९६६ ला काँक्रीटमध्ये. किल्ला बाहेरून बघा, आत लिफ्ट आहे.

त्सुदाच्याच हातची शिझुतानी शाळा. मित्सुमासाने १६७० मध्ये हुकूम दिला, सामुराईंच्याच नव्हे तर शेतकऱ्यांच्या पोरांसाठी, १७०१ ला आज दिसते ती पुरी झाली. सभागृहाच्या छपरावर इंबेच्या मातीची भाजलेली कौलं, तांबूस-तपकिरी, आत लाखेची काळी जमीन इतकी गुळगुळीत की खिडक्यांचं प्रतिबिंब पडतं, भोवती गोलसर माथ्याची दगडी भिंत. शाळेची जमीन जहागिरीच्या हिशोबातून वेगळी ठेवली होती, म्हणजे उद्या इकेदांची बदली झाली तरी शाळा चालावी. पण मित्सुमासा म्हणजे नुसता सज्जन राजा असं चित्र कुणी रंगवलं तर थोडं थांबा. कन्फ्यूशियसच्या नादात त्याने १६६६ च्या सुमारास जहागिरीतली निम्म्याहून जास्त बौद्ध मंदिरं बंद पाडली, आणि निचिरेन पंथाची फुजुफुसे ही शाखा, जी परधर्मीयांकडून दान घेत नाही आणि देत नाही, तिचा या प्रांतात मोठा जोर होता, ती शोगुनांनीच बेकायदा ठरवली होती. ती माणसं दोनशे वर्षं लपूनछपून पूजा करत राहिली, १८७६ ला परत परवानगी मिळाली, आजही त्यांचं मुख्य मंदिर ओकायामाच्या उत्तरेला कानागावात आहे. कुठल्याही टूरमध्ये हे नसतं.

शेवट लवकर आला. १८६८ च्या फेब्रुवारीत बिझेनची तुकडी कोबेतून जात असताना परदेशी लोकांशी बाचाबाची होऊन गोळीबार झाला, आणि नव्या मेइजी सरकारने ताकी झेन्झाबुरो या अधिकाऱ्याला परदेशी प्रतिनिधींसमोर सेप्पुकू (पोट फाडून आत्महत्या) करायला लावून प्रकरण मिटवलं. १८७१ ला जहागिऱ्या गेल्या, १८७६ पर्यंत तिन्ही प्रांत मिळून आजचा ओकायामा जिल्हा झाला.

समुद्र भरायचं मात्र थांबलं नाही. १८९९ पासून ओसाकाचा उद्योगपती फुजिता देन्झाबुरो याने कोजिमाच्या आखातात काम काढलं, आराखडा मुल्डर नावाच्या डच इंजिनियरचा, आणि १९५९ ला आखातच बांधाने बंद करून गोड्या पाण्याचा तलाव केला, कारण नव्या शेतांना पाणी पुरेना. तलावाचं पाणी पुढे बरंच खराब झालं, तो एक वेगळाच विषय. आणि जीन्स इथंच येतात. भरावाच्या खारट जमिनीत भात नीट होत नाही, कापूस खार सहन करतो, म्हणून कोजिमाच्या बाजूला आधी मिठागरं आणि कापूस, मग कापसापासून दोऱ्या आणि पट्टे, मग बोटवाले मोजे, मग शाळेचे युनिफॉर्म, तिथले जाड कापड शिवणारे हात आणि मशिनं तयारच होती, आणि १९६५ साली जपानमध्ये शिवलेल्या पहिल्या जीन्स कोजिमातून बाहेर पडल्या. योशिईच्या काठावर लोखंडाने जे केलं ते इथं गाळाने केलं.

फिरायचं असेल तर: ओकायामा शिन-ओसाकाहून शिनकानसेनने पाऊण तासावर आहे, मुक्काम तिथंच करा. एक दिवस कोराकुएन, किल्ला आणि सायकल घेऊन ह्याक्केनगावाचा सांडवा. दुसरा दिवस आको लाईनने इंबे, चाळीसेक मिनिटं, येताना ओसाफुने, पण म्युझियम स्टेशनपासून लांब आहे, टॅक्सी धरा, आणि सान्चोमो कायम ठेवलेली नसते, तारखा बघूनच जा नाहीतर हात हलवत परत याल. शिझुतानीला योशिनागा स्टेशनवरून तीन किलोमीटर, नोव्हेंबरात दोन पिस्त्याच्या जातीची झाडं लाल-पिवळी होतात तेव्हा प्रचंड गर्दी, बाकी वर्षभर तुम्ही आणि चौकीदार. तिसऱ्या दिवशी मोमोतारो लाईन नावाची साधी लोकल घ्या, बिझेन-इचिनोमिया, पुढचं किबित्सु, त्यापुढचं बिच्चू-ताकामात्सु, तीन लागोपाठ स्टेशनं, पहिल्याला उतरून टेकडीवरून चालत दुसऱ्याला गेलात की प्रांताची सीमा पायाने ओलांडून होते. चौथा दिवस कोजिमा. शाकाहारी लोकांनी एक ध्यानात ठेवा, इथल्या बाराझुशीत (आंबट भाताचा सुशीचा प्रकार) भाताच्या वर आणि आतसुद्धा मासे असतात, भाज्या दिसल्या म्हणून फसू नका, पीच आणि मस्कत द्राक्षं मात्र पोट भरून खा.